लंबक या नावाचा ताबा

३ मार्च, सकाळ
आजपासून नाही म्हणजे नाही. 'खरा_लंबक' या नावाने यापुढे एक ओळसुद्धा लिहिणार नाही. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींच्या आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर मी बरीच वर्षं आहे, आणि साधं 'लंबक' हे नाव कोणीतरी अडवून बसलाय. बसलाय तरी कुठे? गृहस्थ कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. आणि मी नावात 'खरा' लावल्यामुळे सगळे मलाच खोटा समजतात.
बायको म्हणाली, मग 'खरा' काढ आणि 'दुसरा' लाव. तिला तत्त्वाचा प्रश्न कळत नाही.

५ मार्च
प्रस्ताव टाकला. वर्षभर न फिरकलेल्यांची नावं मोकळी करा. नियमांचा अख्खा मसुदा मीच केला, मी नोकरी करतो त्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर उभ्या उभ्या. मालकांनी दोनदा हाक मारली म्हणे. मोठ्या कामात असे अडथळे यायचेच.

८ मार्च
विरोध सुरू. 'तेलाची बाटली' नावाच्या एक बाई आहेत, कट्ट्यावरच्या सगळ्यात जुन्या. त्यांचं म्हणणं, नाव म्हणजे बसमधली सीट नव्हे, एक उठला की दुसऱ्याने बसायला. लोक नाव बघून विश्वास ठेवतात. मी लिहिलं, मग नव्यांनी काय जन्मभर नावापुढे शेपट्या लावून हिंडायचं? पुष्कळ लाइक्स आले. बाईंना जास्त आले, पण त्यांच्या ओळखी जुन्या.

१५ मार्च
मंजूर. अ‍ॅडमिनने नावाच्या जुन्या मालकाला ईमेल केला होता, उत्तर आलं नाही. 'लंबक' आता मी. नावापुढे मी ऑनलाइन असल्याचा हिरवा दिवा. बायकोला बोलावून दाखवला. तिने विचारलं, गॅस बंद केलास का.

१६ मार्च
वाद घालणारे सोडले तर नियमांचा विभाग कोणी वाचत नाही असं दिसतं; नाव माझ्याकडे आलंय हे बाकीच्यांना ठाऊकच नाही. सकाळपासून निरोपांचा पाऊस. लंबकराव, कुठे होतात? तब्येत कशी आहे? शिवाय त्यांची जुनी उत्तरंही आता माझ्याच नावाखाली दिसतात. ती सॉफ्टवेअरची करणी, माझा काय दोष. खुलासा करणारच होतो, पण इतक्या लोकांचा विरस कशाला? 'बरा आहे' एवढंच लिहिलं. आणि मी बराच आहे.

२० मार्च
पहिला मोठा प्रश्न थेट मला. विचारणारा बस ड्रायव्हर. आई हॉस्पिटलमधून परवा घरी येतेय. तिचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, ते तिच्या खोलीत चालू हवं. मी लिहिलं, मागच्या प्लेटचे स्क्रू काढा, चाकं पुसा, तेल घाला. चष्म्याचे स्क्रू मी रोज काढतो, त्यात काय एवढं. तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत म्हणजे विषय संपला. उद्या ड्यूटी संपली की उघडतो.

२१ मार्च, दुपार
माझी, म्हणजे त्यांची, जुनी उत्तरं सहज चाळली. एके ठिकाणी ठळक अक्षरांत: चावी भरलेली असताना प्लेट कधीही उघडू नका. स्प्रिंग सुटते आणि बोटं फाडते.
मी तर त्याला थेट प्लेट उघडायला सांगितलंय.

जरा वेळाने
दुरुस्ती लिहिली. पुसली. लंबक चुकतो असं दिसलं तर नावाची काय किंमत राहणार? शिवाय तो ड्रायव्हर माणूस, त्याला यंत्रातलं कळत असणारच.

संध्याकाळ
ताट तसंच ठेवून उठलो. शेवटी लिहिलं, थांबा, आधी स्प्रिंगचा ताण सोडा. उत्तर नाही. त्याचा दिवा बंद. बायको विचारते, कोणाला काय झालं? म्हटलं, कोणालाच काही नाही. खरं तर फार भीती वाटतेय. हाताला टाके पडलेला माणूस बस कशी चालवणार?

२२ मार्च
घड्याळ चालू. ड्रायव्हरचा लांबलचक निरोप. माझं उत्तर त्याला अर्धवट वाटलं, म्हणून त्याने माझीच जुनी उत्तरं वाचून काढली. स्प्रिंगचा ताण कसा सोडायचा ते त्यात नीट सांगितलं होतं. म्हणतो, बोटं वाचली ती तुमच्यामुळे, आई घरी आल्यापासून टिकटिक ऐकत पडलीय. आभार मी स्वीकारले. उत्तर जुनं असो की नवं, नाव तर एकच ना.
बाटलीबाईंनी खाली एवढंच लिहिलं, लंबक असं अर्धवट कधी सांगत नसत. काही लोकांना कौतुक बघवत नाही.

२४ मार्च
खासगी निरोप. जुन्या लंबकची मुलगी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई अधूनमधून कट्टा उघडून त्यांची उत्तरं वाचत बसते. काल उघडला तर त्यांच्या नावापुढे हिरवा दिवा, आणि 'बरा आहे' असं लिहिलेलं. आई तेव्हापासून स्क्रीनसमोरून उठतच नाहीये. आपण कोण?

अ‍ॅडमिनला ताबडतोब लिहिलं, हे नाव काढून घ्या. त्याचं उत्तर आलं, एकदा घेतलेलं नाव वर्षभर बदलता येत नाही. कलम तुमच्याच मसुद्यातलं आहे.

मुलीला उत्तर लिहायला बसलो. मी तुमचे बाबा नाही, एवढंच सांगायचं. लिहिलं. पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिलं. खाली आपोआप सही आलेली: लंबक.
अजून पाठवलेलं नाही.