एक निष्कारण रेघ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (वाकता येतं, यावरून प्रकृतीचं ओळखावं.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझ्या पोटदुखीचा तपास करताना स्वादुपिंडात (दु ऱ्हस्व) दीड सेंटिमीटरची गाठ निघाली, हे तुला कळलंच आहे. पुढचं मीच सांगितलेलं बरं. तुझी भावजय तिखटमीठ लावून सांगेल.

गाठ चरबीची असावी, असं स्कॅनच्या अहवालात होतं. अशी गाठ त्या जागी क्वचितच होते आणि झाली तरी निरुपद्रवी असते म्हणे. 'याच्या अंगी काही लागत नाही' ही आईची जन्मभराची तक्रार. लागत होतं, फक्त जागा चुकली. खात्रीसाठी एका मोठ्या सर्जनांना विचारायचं ठरलं. पण अहवालाच्या एका पानात अकरा चुका. तीस वर्षं मुद्रितं तपासणारा माणूस असला कागद चारचौघांत कसा नेणार? मी तो घरी नव्याने टाइप केला. वेलांट्या सुधारल्या, एक अनुस्वार दिला आणि 'गाठीची घनता –९५' यातली आकड्याआधीची निष्कारण रेघ काढली. मूळ कागद आणि स्कॅनची सीडी कपाटात ठेवली. (मजकूर शुद्ध असला की चित्रं लागत नाहीत, असं तेव्हा माझं मत होतं.)

सर्जनांनी कागद दोनदा वाचला. शब्द चरबी म्हणत होते, आकडा नाही म्हणत होता, आणि ते आकड्यावर विश्वास ठेवणारे निघाले. इतका नेटका अहवाल आपण पाहिला नव्हता, हेही त्यांनी बोलून दाखवलं. मी संकोचाने मान लववली. गुरुवारी पोट उघडायचं ठरलं. येताना सीडी आणा म्हणाले.

बुधवारी तुझी भावजय सीडी काढायला गेली, तर खाली मूळ कागद. दोन्ही कागद शेजारी धरून तिने विचारलं, "इथली रेघ कुठे गेली?"

"ती चूक होती."

"कोणाची?"

गुरुवारी उलगडा झाला. स्कॅनच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य, आणि चरबी शून्याच्या खाली. रेघ म्हणजे उणे चिन्ह. शस्त्रक्रिया रद्द झाली. सहा महिन्यांनी एकदा स्कॅन करून पाहायचं, बस्स. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; माझी जरा घाईत होती. मी पाचवीत असताना तू मला उणे चिन्ह शिकवत होतीस आणि शून्याच्या खाली काही नसतंच म्हणून मी हटून बसलो होतो. ते शब्द मागे घेतो. (धपाटा रास्त होता.)

एकूण मी ठणठणीत आहे. मनात धास्ती नाही.

तुझा धाकटा

ता.क. सर्जनांच्या नव्या अहवालात 'निर्धोक'चं 'निधोक' झालं आहे. मी हात लावलेला नाही. लाल पेन याच पाकिटातून पाठवतो आहे, सांभाळ.

आणखी ता.क. पेन परत द्यायला सहा महिन्यांनी तूच ये. स्कॅनच्या आदल्या दिवशी. वर 'धास्ती नाही' लिहिलं आहे, तिथे 'नाही'च्या जागी 'आहे' वाच. मीच दुरुस्त केलं असतं, पण लाल पेन पाकिटात गेलं.