मागून पाहिलेली गाडी

तात्या, तुमची गाडी मी पुरी केली. तुमची म्हणतो खरा, पण ती तुमची नव्हती, हे तुम्हीच एकदा मला थोबाडीत देऊन शिकवलं होतं. साखर कारखान्याची पांढरी ॲम्बेसेडर, मोठ्या साहेबांच्या दिमतीची. तुम्ही ती सव्वीस वर्षं चालवली. मी ती साडेतीन महिन्यांत बनवली, फुटाला एक इंच या मापानं, म्हणजे पुढच्या बंपरपासून डिक्कीपर्यंत चौदा इंच. आत सागवानी लाकूड, वर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून आणलेली गोलाई, सायकलच्या तारांचे एक्सल. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी तुमच्यावर रागवायला बसलोय, आणि तेही मापं लिहायच्या वहीत, कारण सकाळच्या वंदनेत हा राग जागचा हलत नाही. पंचशील म्हणतो, सगळ्यांचं मंगल होवो म्हणतो, आणि 'सगळ्यांचं' म्हणताना रोज तुमच्यापाशी येऊन अडखळतो.

मी बारामतीत ट्रॉल्या बांधायच्या वर्कशॉपला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यामागं एवढंच नवीन झालं, की सुटीच्या दिवशी मी जुन्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायला लागलो आणि लोक त्या मागायला लागले. कुणाला आजोबांची जीप हवी असते, कुणाला थोरल्या भावाचा नाकाडा ट्रक. सांगवीच्या एका गुरुजींनी तर त्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरचं मडगार्ड जिथं चेपलं होतं, तिथंच चेपून घेतलं. माणसं टेबलापाशी उभी राहतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. ॲम्बेसेडर दिसली की सगळे एकच बोलतात, "काय गाडी होती राव! आत बसलं की सोफा. आताच्या गाड्यांना ती सर न्हाय." मी मान हलवतो. मी त्या सोफ्यावर कधी बसलो नाही, तात्या. आई बसली नाही. तुम्ही पुढं बसायचात, पण कामाला. आपल्या घरातलं मागच्या सीटवर कुणी बसलं असेल तर ते तुमचं पुसायचं फडकं.

साहेबांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी नाही म्हणणार होतो. साहेबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यांना त्यांची जुनी गाडी भेट द्यायची आहे, अगदी हुबेहूब, असं ती म्हणाली. फोटो पाठवला. गाडी समोरून, साहेब बोनेटला टेकून उभे, आणि कडेला तुम्ही. म्हणजे तुमची खाकी बाही, कोपरापासून मनगटापर्यंत, बाकीचा माणूस फोटोबाहेर. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. मग 'करतो' असं कळवलं. का कळवलं ते मला तेव्हा ठाऊक होतं. गाडी द्यायला मी स्वतः जाणार होतो, आणि साहेबांना त्यांच्या तोंडावर सांगणार होतो की या गाडीमागं काय झालं. अडतीस वर्षं हे घरात राहिलं, ते एकदा त्यांच्या घरात ठेवून यायचं होतं.

मापांसाठी खरी गाडी पाहिजे होती. डाळजजवळ हायवेला एका हॉटेलवाल्यानं अंगणात जुनी ॲम्बेसेडर शोभेला उभी केलीय. लोक जेवायला थांबतात, तिच्यापुढं फोटो काढतात. मी टेप घेऊन दोन तास तिच्याभोवती फिरलो. शेवटी मालक गल्ल्यावरून उठून आला. म्हणाला, "काय ओ, सूट शिवताय का काय तिला?" मी सांगितलं तसं खूश झाला. "मग बसा की आत! बाहेरनं काय कळतंय? मऊपणा तर बघा." दार उघडून धरलं त्यानं. मी नुसता हात आत घालून सीटची उंची घेतली. घरी आलो आणि मापं ताडून पाहिली, तर पुढचा सगळा भाग माझा चुकला होता, जाळी चुकली होती, दिव्यांमधलं अंतर चुकलं होतं. मागचा भाग मात्र मी आधीच बनवून ठेवला होता, फोटो नाही, माप नाही, नुसता डोक्यातून, आणि त्यात सुताचा फरक निघाला नाही. डिक्कीचा उतार, नंबरपट्टीवरचा दिवा, मागच्या काचेचे पडदे. ते मी कुठं पाठ केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

शनिवार आहे, सकाळची शाळा सुटलीय. मी सहावीत. आई रस्त्याकडेच्या बागायतदाराच्या गोठ्यावर कुट्टी करायला गेलीय आणि मी तिथं दप्तर टाकून बसलोय. मशीन कडबा ओढतं तसं तिचा उजवा हात ओढतं. आवाज फार होत नाही. शेजारचा ट्रॅक्टरवाला धावत येतो, बटण बंद करतो, तिच्या पदराचाच बोळा करून हाताला गुंडाळतो, आणि मी रस्त्यावर पळतो. आणि समोरून कोण यावं? तुम्ही. रिकामी गाडी घेऊन. साहेब बारामतीत मीटिंगला, त्यांची फाईल कारखान्यावर राहिलेली, ती घेऊन तुम्ही परत निघालेले. बारामतीलाच निघालेले, तात्या. दवाखाना त्याच वाटेवर.

तुम्ही उतरलात. आईला पाहिलंत. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आवं तात्या, बघताय काय, टाका मागच्या शिटावर! गाडी रिकामी हाय की!" तुम्ही मागच्या काचेतून आत पाहिलंत. त्या आठवड्यात तुम्हीच धुऊन, नीळ घालून चढवलेली पांढरी कव्हरं. तुम्ही म्हणालात, "साहेबांची गाडी हाय ती. तुझा ट्रॅक्टर काढ. म्या म्होरं वाट काढतो."

आणि काढलीत वाट. दिवसाढवळ्या दिवे लावून, हॉर्नवरचा हात न उचलता, दुसऱ्या गियरमध्ये. हंगाम चालू, रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. तुम्ही खिडकीतून ओरडत होता, "बाजूला घ्या, पेशंट हाय!" लोक बैल बाजूला घेत होते आणि रिकाम्या गाडीकडं पाहत होते. मागं ट्रॉलीत पाचटावर आई, तिचं डोकं माझ्या मांडीवर. खड्ड्यात ट्रॉली उडाली की ती दातांतून आवाज काढायची. मी तिच्या हाताकडं बघू शकत नव्हतो, म्हणून पुढं बघत होतो. दवाखान्यापर्यंत माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं, फक्त ती डिक्की, ती नंबरपट्टी, ते पडदे. दवाखान्याच्या फाटकात आम्ही वळलो तेव्हा तुम्ही थांबला नाहीत. फाईल द्यायला गेलात. डॉक्टर ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तर एक बोट तरी राखायचा प्रयत्न केला असता. चिरडलेली दोन्ही बोटं गेली.

त्यानंतर आई डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. पहिले काही महिने भाकरी एका बाजूला जाड, कडा फाटलेल्या. तुम्ही त्या न बोलता खायचात, आणि मला वाटायचं, बोला ना काहीतरी. फाटकी भाकरी म्हणून ताट सरकवा, म्हणजे मला भांडता येईल. नववीत असताना मीच विचारलं, तिला गाडीत का घातलं नाही. तुम्ही बूट काढत होता. वर न बघता म्हणालात, "गाडी तुझ्या बापाची हाय का?" मी म्हणालो, "बापाची न्हाय, पण बाप चालवतो की." तेव्हा बसली थोबाडीत. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या बाजारातून माझ्यासाठी पत्रा कापायची कात्री आणलीत, कारण मी डब्यांच्या गाड्या करतो हे तुम्ही पाहिलं होतं. कात्री दिलीत, उत्तर दिलं नाहीत. चांगली कात्री आहे. अजून तीच वापरतो, याचाही मला राग येतो.

परवा सकाळी आई टेबलापाशी आली. आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहे, वाकली आहे, पण जीभ तशीच. तीन बोटांच्या हातानं टपावरून हात फिरवला, गाडी उलटी वळवली आणि डिक्कीकडं बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मागनं बराबर जमलीय रं."

"पुढनं नाही जमली?"

"पुढनं मला काय ठावं? आपुन मागनंच बघितली की ती." आणि हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, तुला राग येत नाही का त्यांचा. ती खुर्चीवर बसली. "त्यांच्या आदीचा डायव्हर कशापाय गेला ठावं हाय का? डिक्कीत मेव्हण्याची कांद्याची दोन पोती घातली हुती म्हून. तो बाकीच्यांतला, आपल्या वस्तीतला न्हाय, त्याला दुसरीकडं लावला कुणीतरी. ह्ये म्हणायचे, आपल्यातला एक चुकला की सगळी वस्ती चुकली म्हणत्यात. आपल्याला कोण लावतंय दुसरीकडं? त्या दिवशी फायलीला उशीर झाला म्हून साहेबांची बोलणी खाल्ली. पर का उशीर झाला त्ये सांगितलं न्हाय."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर साहेब म्हनले असते, मग गाडीतनं का न्हाय आणली? मग काय सांगणार हुते?"

तात्या, हे मला कळतं. वस्तीतले पहिले पगारी तुम्ही, पहिला इस्त्रीचा खाकी शर्ट तुमचा. विहारात लोक तुम्हाला पुढं बसवायचे. दसऱ्याला बाकीचे ड्रायव्हर गाडीपुढं नारळ फोडायचे, तुम्ही गाडी धुऊन द्यायचात आणि पूजेपासून बाजूला उभे राहायचात, आणि तेसुद्धा कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये असं. सगळं कळतं. कळून राग जाईल असं मला वाटायचं, तो गेला नाही. ताठ मानेनं जगायचं असं आम्हाला शिकवलंत आणि स्वतः एका सीटच्या कव्हरापुढं वाकलात. कांद्याचं पोतं आणि माझी आई यांत तुम्हाला फरक करता आला नाही.

परवा दुपारी गाडी घेऊन साहेबांकडं गेलो. मुलीनं कार्यक्रमाआधीच त्यांना दाखवायचं ठरवलं होतं. साहेब आता फार थकलेत, पण ओळखलं. गाडी मांडीवर घेतली, चारी दारं उघडून पाहिली, स्टिअरिंगजवळचा गियर बोटानं हलवला. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांसारखा माणूस पुन्हा पाहिला नाही. इतकी वर्षं गाडी ताब्यात, पण घरच्या कामाला एकदा वापरली नाही."

मी म्हणालो, "एकदा वापरायला पाहिजे होती, साहेब." आणि सगळं सांगितलं. फाईल, कुट्टी, कव्हरं, पाचट. आवाज चढू दिला नाही, पण थांबलोही नाही. मुलगी दारात चहा घेऊन उभीच राहिली. साहेब गाडीकडं बघत होते. तिची उघडी दारं एकेक करून लावत म्हणाले, "मला बोलला नाही तो कधी. अरे, मी नको म्हटलं असतं का? कव्हरं काय, धुतली असती."

धुतली असती. इतकंच होतं ते. मी विचारलं, "मग आधीच्या ड्रायव्हरला कांद्यापायी काढलं होतं, ते?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कांदे? असं झालं होतं का?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या गोष्टीच्या भीतीनं तुम्ही आईला ट्रॉलीत घातलंत, ती त्यांच्या लक्षातसुद्धा राहिली नव्हती. त्या क्षणी मी तुमच्यावर जेवढा चिडलो, तेवढा कधीच चिडलो नव्हतो. त्यांच्यावर चिडायला गेलो होतो. पण तिथं बसलेला एक म्हातारा, डोळ्यांत पाणी आलेला. त्याच्यावर चिडून मला काय मिळणार होतं? चहा घेतला. नमस्कार करून उठलो.

त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जायचं होतं, म्हणून ते माझ्याबरोबरच पायऱ्या उतरले, काठी टेकत. नवी गाडी पोर्चमध्ये उभी होती, ड्रायव्हर फाटक उघडायला गेला होता. आणि तात्या, मी पुढं झालो. मागचं दार मी उघडलं. दुसरा हात वरच्या चौकटीला धरला, त्यांचं डोकं आपटू नये म्हणून. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी कधी कुणासाठी केलेलं नाही. ते नीट बसेपर्यंत मी अर्धा वाकून उभा होतो. मग दार असं लावलं की आवाज झाला नाही. साहेब काचेआडून माझ्याकडं बघून हसले, आणि मला बरं वाटलं. आईनं घरी आल्यावर विचारलं, काय झालं तिथं. साहेब काय म्हणाले ते सगळं तिला सांगितलं. दाराचं सांगितलं नाही.