मामा, इंजिन उघडलं आहे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. यांची पाठ आता बरी आहे, धाकटीचा खोकलाही गेला. आईचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याबरोबर आईही.

मुद्दाम लिहायला बसले ते गाडीसाठी. तुमच्याकडून घेतलेला ट्रक सपाटीवर छान चालतो. पण वरच्या बांधकामावर फरशा पोचवायच्या म्हणजे शेवटच्या वळणांवर पहिल्या गिअरमध्ये रखडत जावं लागतं, मागे गाड्यांची रांग लागते आणि मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. म्हणून ताकद वाढवायचं ठरवलंय. यांचं म्हणणं, सरळ मोठा टर्बो बसवू, इंजिनात जास्त हवा कोंबली की ताकद वाढेल. गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, आधी इंटरकूलर मोठा घ्या, हवा थंड मिळाली तर इंजिन न तापता जास्त ओढेल. तिसरा मार्ग म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून घ्यायचं. काम झटपट होतं, पण पुढे इंजिन किती तापेल याची हमी कोणी देत नाही. मी म्हटलं, मामांना विचारते, त्यांना तिची नाडी माहीत आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, "काही करू नकोस. आहे तशी चालव." कारण विचारलं तर तुम्ही आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. पुन्हा फोन केला तेव्हा मामींनी उचलला. तुम्ही बाहेर गेलात म्हणाल्या, आणि मागून तुमचा खोकला ऐकू आला. मग तुम्ही आपणहून फोन केलात, तो थेट मिस्त्रीला. त्याचा नंबर तुम्हाला कोणी दिला? "पोरीला समजाव, इंजिन उघडायचं नाही," असं त्याला सांगितलंत म्हणे.

मामा, सायकलचं चाक कसं उघडायचं हे मला तुम्हीच शिकवलंत. मग हीच गाडी उघडायला काय हरकत आहे?

रागावू नका, पण मनात पाल चुकचुकतेय. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते. नाही आलं तर शनिवारी उघडणार.

तुमची लाडकी भाची

१९ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

उत्तर आलं नाही. इंजिन उघडलं आहे.

मिस्त्री आत डोकावून एकेक भाग चाचपत राहिला. मग मला बोलावून त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. "ताई, हिची ताकद आधीच एकदा वाढवून झालीय. डिझेल फवारणारे नोझल मोठे आहेत, कंपनीचे नाहीत. टर्बो जुना, पण बोल्ट त्याच्यामानाने नवे. म्हणजे मोठा टर्बो बसवला होता, तो काढून जुनाच परत लावलाय. वर इंजिनात जाणारं डिझेल कमी करून ठेवलंय, म्हणून चढावर दम लागतो." मग त्याने मला खाली वाकायला लावलं. पुढे चॅसिसवर, रंगाच्या थराखाली, वेल्डिंगची जाड शिवण होती. "समोरून मार खाल्लाय हिने," तो म्हणाला.

घरचीच गाडी आहे, एक ओरखडा नाही, असं गाडी देताना तुम्ही म्हणाला होतात.

मला वाटलं, मामांनी मला गंडवलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाने सगळी गाडी खालून वरून तपासली असती, भाची कशाला तपासेल? यांच्याशीसुद्धा धड बोलावंसं वाटेना. मग तुम्ही घरी नसाल अशी वेळ साधून तुमच्याकडे गेले. मामींनी सांगितलं असेल, किंवा नसेल.

दादा खिडकीशी बसला होता, कुबडी खुर्चीला टेकवून. तुमचा हा मुलगा गोदामाच्या फलाटावरून पडून अधू झाला, असंच आम्हा सगळ्यांना माहीत. मी त्याला एवढंच विचारलं, "दादा, मोठा टर्बो कोणी बसवला होता?" त्याने मामींकडे पाहिलं. मामी उठून आत गेल्या आणि त्यांनी नळ सोडून ठेवला.

"बाबांनी," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, आधी ब्रेकचं बघू, उतारावर ड्रम तापले की धरत नाहीत. बाबा म्हणाले, या हंगामात ताकद, पुढच्या हंगामात ब्रेक. चढ तर झपाझप चढलो. उतारावर पेडल दाबतोय, दाबतोय, गाडी ऐकेचना. एका अंगाला दरी होती, म्हणून डोंगरावर घातली."

"मग फलाटाचं कुठून आलं?"

"बाबांनीच सगळ्यांना तसं सांगितलं. चालवत मी होतो ना. त्यांना माझी लाज वाटत असणार."

मामा, तो इतकी वर्षं हेच धरून बसलाय. त्याची चूक तुम्ही पोटात घातलीत, असं त्याला वाटतं.

मोठा टर्बो तुम्ही काढलात, डिझेल कमी केलंत, चॅसिस रंगवलंत. ब्रेक मात्र तेच ठेवलेत. मिस्त्रीने ड्रम काढून दाखवले, आतून तडे गेलेत. येताना आम्ही बांधकामावरचा राडारोडा भरून आणतो, म्हणजे उतारावरही गाडी भरलेलीच असते. धाकटी हट्टाने माझ्या शेजारी बसून आलीय त्या रस्त्याने.

टर्बोचा विषय आम्ही सोडला. ब्रेकचे नवे ड्रम, नवे लायनर बसवले, वर उतारावर इंजिनानेच वेग धरून ठेवणारा एक्झॉस्ट ब्रेकही घातला. काल भरलेली गाडी घेऊन मी उतरले, हे शेजारी मूठ आवळून बसले होते. गाडी मी म्हणेन तिथे थांबत होती. खाली आल्यावर रस्त्याच्या कडेला लावली आणि खूप वेळ स्टिअरिंगवरचे हात काढलेच नाहीत.

गाडी परत करणार नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. पण मला एक कळायला हवं. ब्रेकचं तुम्ही विसरलात, की त्यांना पुन्हा हात लावायची तुमची छाती झाली नाही? विसरलो म्हणालात, तर मला पटणार नाही. घाबरलो म्हणालात, तर पटेल.

मात्र आधी दादाजवळ बसा. ब्रेक नंतर बघू असं कोण म्हणालं होतं, ते तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. मी सांगितलं तर समजूत घातल्यासारखं होईल. ते झालं की मग मला लिहा. त्याआधी लिहू नका, फोनही करू नका.

अजून तरी तुमचीच,
भाची