दोन शेंगदाणे

प्रिय ताईला धाकटीचा नमस्कार,

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना हळूहळू दाणे सोसावेत म्हणून आम्ही दवाखान्यात जिभेखाली औषधाचे थेंब देतो ना, ते थेंब मुलं लगेच गिळायची. यंदा औषध दाट केलं, म्हणून ते जिभेखाली टिकतं.

आज सात वर्षांच्या एका मुलीने चाचणीसाठी आमच्यासमोर दोन दाणे खाल्ले. दोन तास काहीच झालं नाही. "मावशी, अजून एक दे ना!" म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर पडले.

तुझी छकुली असती तर आज एवढीच असती. दाण्याचं ते चॉकलेट तिला मीच लाडाने भरवलं होतं. तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस. एकदा तरी रागव गं माझ्यावर.

तुझीच,
धाकटी