एकसदस्यीय हीटर समिती

४ नोव्हेंबर

ही आज सकाळी तिच्या मोठ्या बहिणीकडे गेली. रागावून नाही. नोंद स्पष्ट असावी म्हणून पुन्हा लिहितो, रागावून नाही. मोटरहोममध्ये चार रात्री काढल्या, पाचव्या दिवशी छाती भरली. खोकत खोकतच बॅग भरली. जाताना म्हणाली, हीटर लागला की कळवा, येते.

म्हणजे प्रश्न फक्त हीटरचा. एकतीस वर्षं कंपनीच्या खरेदी विभागात काढलेल्या माणसाला हा हातचा मळ आहे. रविवारपर्यंत हीटर. सोमवारी ही परत. मंगळवारी दोघं प्रवासाला. रिटायर होऊन, क्वार्टर सोडून गाडी घेतली ती त्यासाठीच.

५ नोव्हेंबर

बरेच लोक दुकानात जातात आणि दिसेल तो हीटर उचलतात. मी रीतसर मागणीपत्र तयार केलं. वस्तू: लहान विजेचा हीटर, एक नग. वापरकर्ता: सौ. ठिकाण: मागचा पलंग. कारण: थंडी.

कारणाच्या रकान्यात नुसतं थंडी लिहून भागत नाही. किती थंडी ते लागतं. उद्या थर्मामीटर.

९ नोव्हेंबर, रविवार

थर्मामीटर निवडण्यात तीन दिवस गेले, पण वस्तू एक नंबर आहे. आज सकाळी गाडीत चार अंश. काचेवरून पाणी ओघळून उशी ओली. हाही पुरावाच, नोंदवून ठेवला.

हिचा फोन. हीटर आला का विचारलं. कारणाचा रकाना भरून झाला असं सांगितलं. म्हणाली, बरं.

१३ नोव्हेंबर

तळावरचा वायरमन भेटला. हा तळ म्हणजे मोठं मैदान, रांगेत गाड्या, प्रत्येकीला एक खांब आणि खांबाला एक प्लग. त्याने सांगितलं, तुमच्या खांबाला सहा अँपिअरच मिळतात, मोठा हीटर लावाल तर फ्यूज उडेल, हजार वॉटचा घ्या आणि मोकळे व्हा.

मी म्हटलं, हजार का, नऊशे का नाही, बाराशे का नाही? तो म्हणाला, काका, मला अजून सहा खांब बघायचेत.

तांत्रिक माणसांना संयम नसतो. माहिती मात्र उपयोगी होती. अट क्रमांक एक: हजार वॉट. आता मार्ग मोकळा.

१८ नोव्हेंबर

तीन प्रकार समोर आहेत. पंख्याचा: गरम लवकर करतो, पण आवाज. तेलाचा: आवाज नाही, पण जड, गाडी वळली की लोळणार. कांड्यांचा: लालभडक होतो, आणि आमचे पडदे नायलॉनचे. प्रत्येक प्रकारात तीन कंपन्यांची कोटेशनं हवीत. तीनपेक्षा कमी कोटेशनांवर मी आयुष्यात सही केलेली नाही.

तक्ता आखायला घेतला. सध्या अकरा रकाने.

सकाळी तीन अंश. बोटं आखडतात, रेघा वाकड्या येतात. पुन्हा आखला.

२४ नोव्हेंबर

पलीकडच्या छोट्या व्हॅनमध्ये एक रिटायर्ड नर्सबाई राहतात. आज दूध-ब्रेड आणायला गेल्या आणि येताना हीटर घेऊन आल्या. पंख्याचा. जेमतेम पाव तास लागला असेल. मी विचारलं, तुलना केली का? म्हणाल्या, हो, गारठून मरण्याशी केली.

मग म्हणाल्या, या, चहा घ्या, ऊब आहे. गेलो. ऊब होती. अर्धा तास बसलो. निरीक्षण: आवाज आहे, पण बोलताना ऐकू येत नाही. उलट शांत बसलं की ऐकू येतो. म्हणजे एकट्या माणसाला त्रास जास्त. नवा रकाना घालावा लागेल.

२९ नोव्हेंबर

समितीची पहिली बैठक. अध्यक्ष मी. तांत्रिक सदस्य मी. नियमाने तिसरा सदस्य बाहेरचा लागतो. नर्सबाईंना विनंती केली. त्यांनी विचारलं, तुम्ही जेवता ना वेळेवर?

कोरम भरला नाही. बैठक तहकूब.

६ डिसेंबर

हिचा फोन. तिकडे हॉलमधल्या सोफ्यावर झोपते, पाठ धरली आहे. साडू रात्री अकरापर्यंत टीव्ही लावून बसतात, तेही मोठ्या आवाजात. मागची एक खोली रिकामी आहे, पण ती इतकी गार की कोणी पाऊल ठेवत नाही.

ऐकून वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. साडूंना आयुष्यभर स्वतःच्या घराचा फार तोरा. मी हिला सांगितलं, आठ दिवस कळ काढ, तक्ता पूर्ण होत आलाय. ती म्हणाली, अहो, दुकानातून कुठलाही आणा ना, मी काय त्याचा फोटो काढणारे?

हिला काय सांगणार. कुठलाही आणला आणि उद्या तोच मध्येच बंद पडला तर पुन्हा छाती भरणार, पुन्हा बॅग. एकदाच आणायचा, पण असा आणायचा की ही पुन्हा जायला नको. हे तिला बोलून दाखवायला हवं होतं. फोन ठेवल्यावर सुचलं.

१४ डिसेंबर

तक्ता पूर्ण. एकोणीस रकाने, नऊ हीटर. गुण दिले. पहिला आणि दुसरा यांना समान गुण.

ऑफिसात अशा वेळी आम्ही दोघांना पत्र पाठवून खुलासा मागवायचो. दोन्ही कंपन्यांना तशी पत्रं पाठवली.

२२ डिसेंबर

खुलासे आले नाहीत. गाडीत शून्याच्या खाली एक. नळीतलं पाणी गोठलं. वायरमनने केटलीतलं गरम पाणी ओतून दिलं आणि जाता जाता विचारलं, हीटर घेतला का? मी म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

कोट घालून झोपतो. मोज्यांच्या दोन्ही जोड्या. सर्दी आहे, पण किरकोळ.

५ जानेवारी

पंधरा दिवस नोंद नाही. सर्दी किरकोळ नव्हती. नर्सबाई रोज सूप देऊन गेल्या. आपला हीटर चार रात्री माझ्याकडे ठेवला आणि स्वतः स्वेटरवर भागवलं. मला लाज वाटली. तरी त्या चार रात्री मी गाढ झोपलो, हेही खरं.

हिला यातलं काही कळवलं नाही. कळलं असतं तर ती तशीच धावत आली असती, आणि थंडीत पुन्हा तिची छाती. मी खंबीर राहिलो.

१२ जानेवारी

निर्णय झाला. तेलाचा, छोटा, हजार वॉट, कलंडला की आपोआप बंद. जड आहे, पण त्याला बांधायला पट्टा मिळतो. दुकानातला शेवटचा नग. दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही नवव्यांदा येताय, घेणार असाल तरच उतरवतो. घेतला.

खोकं पलंगावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. खूप दिवसांनी आनंद झाला. प्लग लावणारच होतो, तेवढ्यात प्रक्रिया आठवली. नवी वस्तू आधी वापरकर्ता विभागाकडे चाचणीला जाते. वापरकर्त्याने समाधानकारक असं लिहून दिलं की मगच ती दाखल करून घ्यायची. एकतीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही, म्हणून एकही वस्तू परत करावी लागली नाही.

आणि वापरकर्ता म्हणजे ही. तिने स्वतः पसंत केलेला हीटर असेल तर मग तक्रारीला जागाच नाही. खोकं कुरिअरने तिच्याकडे रवाना. चाचणीची मुदत सात दिवस. आठव्या दिवशी हीटर आणि ही, दोघंही इकडे.

१५ जानेवारी

हीटर पोचला. हिचा फोन. म्हणाली, मला पाठवलात? मी सांगितलं, चाचणी आहे, सात दिवस, मनापासून मत दे. ती म्हणाली, तुम्हाला माझी काळजी आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

चाचणीबद्दल तिने नीट ऐकलं की नाही, शंका आहे.

२२ जानेवारी

चाचणीची मुदत संपली. गाडी झाडून घेतली. पलंगावर धुतलेली चादर घातली. हीटर कुठे ठेवायचा तिथे खडूने चौकोन आखला, पट्टा स्क्रूने बसवला. नर्सबाईंना सांगितलं, मंडळी येतायत. त्या म्हणाल्या, छान झालं हो. मनापासून म्हणाल्या.

२३ जानेवारी

ही आली नाही. संध्याकाळी मीच फोन केला.

निकाल उत्तम. आवाज नाही, वास नाही, अर्ध्या तासात खोली गरम. मागची खोली आता तिने घेतली आहे. कॉट टाकली, खिडकीला पडदा लावला. साडूंचा टीव्ही ऐकू येत नाही, पाठ मोकळी झाली, खोकला गेला. रात्री वाचत पडते म्हणाली. लग्न झाल्यापासून ती रात्री वाचत पडल्याचं मला आठवत नाही.

मग हसत हसतच सांगितलं, अहो, तुमचा हीटर आला त्या दिवशी माझी बॅग भरलेली होती. दुसऱ्या दिवशी निघणार होते. म्हटलं हीटर नसला तर नसला, दोन रजया पांघरू. त्या सोफ्यापेक्षा तुमची गाडी परवडली. आणि तेवढ्यात खोकं आलं.

मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, आता इथे छान आहे हो. थंडी सरेपर्यंत राहते. नंतर बघू.

नंतर बघू. खरेदीत हा शेरा मी हजार फायलींवर मारलाय. त्या फायली पुढे कुठे जातात, मला माहीत आहे.

२५ जानेवारी

तिच्याकडून लेखी मागवलं होतं. मेसेज आला: हीटर फार छान आहे. निवड चांगली केलीत.

निवड अचूक झाली, याबद्दल आता वाद नाही. नर्सबाई म्हणतात, तुमच्यासाठी दुसरा घ्या. कुणाच्या नावाने घेऊ? मागणी तिची होती. तीच तिकडे असेल तर मागणीपत्राला आधार उरत नाही.

दुपारी पुन्हा फोन केला. विचारलं, मीच तिकडे येऊ का? हे विचारायला मला पावणेतीन महिने लागले. ती म्हणाली, आला असतात तर बरंच झालं असतं हो, पण खोली लहान आहे, कॉट एकच मावते. आणि गाडीकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवंच ना.

मी म्हटलं, हो, तेही बरोबरच आहे.