कोमलचं कोपर

बुधवार, शाळेतून आल्याआल्या

विशेष शिक्षणाच्या एम.एड.साठी मी आमच्या तिसरीतल्या अंजलीवर प्रकल्प लिहून राह्यले. तिला ऐकू कमी येतं. पुस्तक म्हणतं, अशा मुलांना पुढे बसवा. म्हणून सोमवारी दुपारी तिला मागच्या रांगेतून उठवून माझ्या टेबलासमोर बसवलं. बराबरच केलं ना?

पण काल आणि आज, हजेरीत तिचं नाव घेतलं तर ती गप्पच. मागे बसून वर्षभर एकदाही चुकली नव्हती. पुढे आणल्यावर काय झालं? मी मान खाली घालून नावं वाचते, त्यामुळे तिला माझे ओठही दिसत नसणार. मग मागून तिला कसं कळत होतं?

सुट्टीत, मागच्या रांगेत तिच्या शेजारी बसणाऱ्या कोमलला विचारलं. ती बिचकतच म्हणाली, "मॅडम, तिचं नाव आलं की मी कोपर मारत व्हते. मंग ती हजर म्हणायची."

ते कोपर! हजेरी चालू असताना ढकलते म्हणून त्याच कोपरासाठी मी कोमलला कितीदा उभं केलंय.

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

"हजेरीत तुम्ही बोलू देत न्हाई ना."

घरी येऊन प्रकल्पाची वही उघडली. 'वर्गमित्रांची मदत' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'आढळली नाही.' वही मागच्या आठवड्यात एम.एड.च्या सरांकडून तपासून आली. त्या ओळीसमोर सरांचा लाल शेरा आहे : निरीक्षण उत्तम.