तुळईतला खिळा

याव्होरिक, ब्रोदजवळ
शनिवार, २१ सप्टेंबर १९१८

प्रिय बार्तोल,

येशूची स्तुती असो. देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत आणि तुम्हीही तिकडे इटलीत पिआवे नदीच्या काठी बरे असाल अशी आशा करते. रोज संध्याकाळी तुमच्या नावाने एक जपमाळ म्हणते, रविवारी दोन.

ऑगस्टमध्ये रजा संपवून तुम्ही गेलात त्यानंतर माझी तीन पत्रं झाली, तुमची एक ओळही नाही. लढाईत पत्रं गहाळ होतात हे मला समजतं. आईंना समजावणं कठीण आहे. त्या तुमचं नावच काढत नाहीत.

आलुबुखारांचा मुरंबा घातला. आपली तांब्याची कढई सरकारने तोफांसाठी नेली, म्हणून शेजारच्या तेझाकडून लोखंडी आणली आणि सगळा मुरंबा तळाला लागला. साखर मिळत नाही. तेझा म्हणते, "जळका तर जळका, तिखट तर नाही ना झाला!" देवळातली घंटाही कढईच्या वाटेने गेल्यापासून दुपारचे बारा कधी वाजले ते कळत नाही. मी सावली पाहून प्रार्थना म्हणते.

गुरुवारी जमादार पाव्लिच आले होते. म्हणाले, "यान्यावहिनी, रेजिमेंटचा कागद आलाय. बार्तोल हजर झालेला नाही."

"असं कसं होईल? मी स्वतः ब्रोदच्या स्टेशनवर सोडून आले. सोबत भाकरी दिली, खारवलेल्या मांसाचा तुकडा दिला."

"गाडीत चढताना पाहिलंत?"

"गाडी सुटताना पाहिली."

"मी चढताना विचारलं. तुम्ही नन्सच्या शाळेत शेवटपर्यंत शिकलेल्या बाई, प्रश्न तर नीट ऐका."

त्यांची समजूत पटली नाही. रानात लपलेल्यांना हल्ली कोर्टातही नेत नाहीत, जागच्या जागी गोळी घालतात, असं जाता जाता सांगून गेले. सांगण्याचा सूर असा, की जणू उद्या पाऊस पडेल म्हणताहेत. तेव्हा जिथे असाल तिथून दोन ओळी तरी लिहा, म्हणजे हा गैरसमज मिटेल.

आनित्साला आईंनी दारावरच्या तुळईतले खिळे शिकवले. पाच वर्षांची पोर, पण जपमाळेच्या मण्यांसारखे ओळीने म्हणते. महाराणीच्या वेळी प्रशियावर गेलेले पणजोबांचे आजोबा, खिळा. फ्रेंचांशी लढलेले, भोक. हंगेरीवर गेलेले, भोक. सोल्फेरिनोला गेलेले आजोबा, खिळा. बोस्नियाला गेलेले तुमचे बाबा, भोक. लुकाकाका, गॅलिशिया, खिळा. त्या खिळ्याला आई दर रविवारी रोझमेरीची ताजी काडी बांधतात. मोठा मुलगा होता त्यांचा.

"जाणारा आपल्या हाताने खिळा ठोकून जातो. भोक म्हणजे आला, खिळा म्हणजे नाही आला," असं ती म्हणते. मग विचारते, "बाबा तर आले होते की! त्यांचा खिळा का आहे?"

आई म्हणाल्या, "रजेवर आलेला माणूस खिळ्याला हात लावत नाही. लढाई संपवून आलेलाच आपल्या हाताने उपटतो."

हिशोब नेहमीप्रमाणे: मीठ, घासलेट आणि आनित्साच्या बुटांचे तळ मिळून एकोणीस क्रोन. घासलेट पुढच्या महिन्यात घेणार नाही. लवकर झोपू.

तुमची वाट पाहणारी,
यान्या

* * *

बुधवार, ९ ऑक्टोबर

अहो,

येशूची स्तुती असो. हे पत्र पोस्टात पडणार नाही. तेझा द्राक्षं तोडायला वर येते आहे, तिच्या टोपलीच्या तळाशी ठेवते. वाचलं की फाडून ओढ्यात सोडा. जाळू नका. धूर दिसतो.

नवरा डोंगरावर द्राक्षमळ्याच्या झोपडीत, आणि बायको त्याला इटलीच्या पत्त्यावर पत्र लिहून पोस्टमास्तरीणबाईंसमोर डोळे टिपते! देव मला क्षमा करो. लष्करी पोस्टाला तिकीट लागत नाही, तेवढंच समाधान.

सगळ्यात आधी हे: खाली येऊ नका. काहीही कानावर आलं तरी येऊ नका. बाकीचं सांगते.

आनित्साचा ताप उतरला आहे.

रविवारी संध्याकाळी तुम्ही मक्यातून मागच्या दाराने आलात तेव्हा तो चढलेला होता. याच तापाने गावातली तीन माणसं गेली होती. मीच तेझाकडून निरोप धाडला होता, त्यामुळे तुम्ही आलात याचा दोष तुम्हाला देत नाही. तुम्ही तिच्या उशाशी बसलात, तिचा हात हातात घेतलात, आणि तिने डोळे उघडून काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. "तू बाबा नाहीस. बाबांचा खिळा अजून तुळईत आहे."

तुम्ही उठलात, पक्कड घेतलीत आणि खिळा आणून तिच्या मुठीत ठेवलात. "बघ, आलो." ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली होती. मी कपाळावरची पट्टी बदलत होते. तुम्हाला अडवायला हवं होतं. नाही अडवलं. मलाही ते हसू हवं होतं.

आई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. ऑगस्टमध्ये तुम्ही पलटणीत न जाता रानात शिरलात तेव्हापासून तुमच्याकडे त्यांनी जशी पाठ केली तशीच. तुम्ही गेलात तेव्हाही वळल्या नाहीत. नंतर मला एवढंच म्हणाल्या, "लुकाचा खिळा गंजतोय, आणि हा आपला उपटून मोकळा झाला." खिळा परत ठोकावा असं माझ्या मनात आलं, पण दुसऱ्याच्या हाताने ठोकलेला खिळा! इतकी शिकलेली मी, माझाही हात धजावला नाही. आणि तिची मूठ सुटत नव्हती.

सोमवारी सकाळीच जमादार दोन शिपाई घेऊन आले. गवताच्या गंजीत संगिनी खुपसल्या, माळा पाहिला, डुकराच्या खोपटातसुद्धा डोकावले. काही सापडलं नाही. मी मनात पवित्र मातेचे आभार मानत होते. दारातून बाहेर पडताना जमादार पाईप पेटवायला थांबले आणि त्यांनी सवयीने वर पाहिलं.

त्यांचं घरही आपल्यासारखंच, सरहद्दीवरच्या जुन्या शिपायांचं. तुळई त्यांच्याही दारावर आहे. दुसरा कुणी असता तर त्याला लाकडात एक भोक जास्त दिसलं असतं, तेवढंच.

काडी विझली. पाईप खिशात गेला.

"मार्ताकाकू," ते आईंना म्हणाले, "बार्तोल कधी आला?"

मी दाराची चौकट धरली. आई चुलीपाशी बीन्स निवडत होत्या. सावकाश उठल्या, पदरातला कचरा झटकला.

"कोण बार्तोल?"

"थट्टा नको. भोक ताजं आहे. लाकूड आतून पांढरं दिसतंय."

"दिसणारच. काल मी उपटला."

"तुम्ही?"

"मी. पोरीला ताप आहे. तापाच्या माणसाच्या हातात घरचं लोखंड द्यायचं असतं. तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं तुला? तिला पोरांपेक्षा कोंबड्यांचीच काळजी जास्त."

एक शिपाई हसला. जमादारांनी नुसतं पाहिलं तसा गप्प झाला. ते आतल्या खोलीत गेले. आनित्सा पडून होती, मूठ छातीशी. त्यांनी वाकून विचारलं, "बाळ, हा खिळा तुला कुणी दिला?"

तिने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली, "बाबांनी. बाबा आले."

बार्तोल, त्या क्षणी मी देवाजवळ काय मागितलं ते इथे लिहिता येत नाही.

आई माझ्या मागेच उभ्या होत्या. आवाज जराही न हलता म्हणाल्या, "बघ, तुलाही बाबाच म्हणते. जन्मल्यापासून बाप पाहिला तो गणवेशातला. बटणं दिसली की तिला बाप दिसतो. पाद्रीबाबांचा झगा काळा, नाहीतर त्यांनाही म्हणाली असती."

जमादारांनी टोपी काढली.

"काकू, आमच्याकडे आईने आपल्या हाताने मुलाचा खिळा उपटला, तर तो मुलगा परत येत नाही. तुमच्याकडे काय?"

"आमच्याकडेही तेच."

"हे ठाऊक असून उपटलात?"

"ठाऊक असून."

"मग कागदावर मी काय लिहू?"

"लिही, मार्ता लुकाचेविचला आता मुलगा नाही. दोन होते, दोन्ही गेले."

"शपथ घ्याल?"

भिंतीवरचा क्रूस त्यांनीच काढून पलंगाच्या कडेवर ठेवला. आईंनी त्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. खिळा मीच उपटला, मुलगा या घरात आलेला नाही, खोटं बोलत असेन तर ख्रिस्ताच्या जखमा मला जाब विचारोत. तुम्ही तुमच्या आईला ओळखता. उपासाच्या दिवशी दुधाचा थेंब जिभेला लागला तरी पाद्रीबाबांकडे धावणारी बाई ती.

जमादारांनी लिहून घेतलं. बाहेर मला एकटीला गाठून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, शपथ मी लिहून घेतली, ती मी वरती पाठवतो. पण पोरीचं काही बरंवाईट झालं तर बाप दफनाला येतोच. दरवेळी येतो. माझी माणसं तिथे असतील. आणि ब्रोदहून तुकडी आली तर ती माझं ऐकणार नाही."

हा दम होता की इशारा, अजून मला ठरवता आलेलं नाही. त्यांच्या तुळईतही मुलाचा एक खिळा आहे, जूनपासून त्याची खबर नाही. पण दोन शिपाई ते आपल्या विहिरीपाशी बसवून गेले, आणि ते अजून तिथेच आहेत. रोज माझ्याकडून पाणी मागून पितात. दोर ओढायचाही कंटाळा.

आता पुढचं.

ताप उतरला असं वर लिहिलं, ते खोटं नाही. काल दुपारी उतरला. मला वाटलं, पवित्र मातेने ऐकलं. मी सूप चढवायला गेले, आपल्याकडे एकच कोंबडी उरली होती, तीही कापली, मागचापुढचा विचार केला नाही. परत आले तर तिचे पाय गार लागले. मग हात. दिवस मावळायच्या आत गेली. त्रास झाला नाही. पाणीही मागितलं नाही. आपली आनित्सा गेली, बार्तोल. इतकी वाक्यं लिहिली, पण हे एक लिहायला हात वळत नव्हता.

घंटा असती तर तुम्हाला डोंगरावर ऐकू आली असती. घंटा नाही, म्हणून सांगू नये असंही मनात आलं. तेझा म्हणालीच, "नको कळवूस. पुरुषमाणूस आहे, धावत खाली येईल." पण रानात कुणी ना कुणी बोलणारच, आणि मग तुम्ही इथे कोण टपून बसलंय ते माहीत नसताना याल. म्हणून मीच सांगते, आणि विहिरीवरच्या माणसांसकट सांगते.

दफन उद्या सकाळी. ब्रोदहून तुकडी आज संध्याकाळी येते आहे असं तेझाने पोस्टात ऐकलं. तुम्ही येणार नाही. हे मी विचारत नाही. आजच झोपडी सोडा आणि वर ओकच्या रानात जा. तोडणी संपली की ते मळे शोधतील. टोपलीत भाकरी आहे, लुकाभावोजींचा जाड कोट आहे. तो आईंनीच पेटीतून काढून दिला.

तिला धुतलं तेव्हा मूठ उघडेना. मी जरा जोर लावला तर आई म्हणाल्या, "असू दे. तिच्यासाठी तिचा बाप आलाय." खिळा तिच्याजवळच जातो आहे.

आज सकाळी पाद्रीबाबा आले होते. त्यांनी आईंना विचारलं, उद्या मिस्साच्या उपासनेआधी पापनिवेदन कराल ना? आई म्हणाल्या, "ज्याचा पश्चात्ताप नाही ते सांगून काय करू, फादर?" आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. पापनिवेदनाशिवाय प्रसाद घेता येत नाही, तेव्हा उद्या नातीच्या मिस्सामध्ये त्या प्रसादाला पुढे होणार नाहीत. सगळा गाव पाहील.

फादर गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं. गुडघ्यांचं ठाऊक आहे तुम्हाला, मी धरायला धावले तर हात झिडकारला. नालाचा एक नवा खिळा आणि हातोडी घेऊन चढल्या आणि त्याच भोकात तो ठोकला. भरउजेडात, पुढच्या दारात. विहिरीवरचे दोघे मान वर करून बघत राहिले. एकाने विचारलं, "आजी, हा कुणाचा?"

"माझ्या मुलाचा," आई म्हणाल्या.

"कागदावर तर मुलगा नाही म्हणालात!"

"कागद तुमचा. तुळई माझी."

खाली उतरल्या, हातोडी जागेवर ठेवली आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा तुमचं नाव घेऊन माझ्याशी बोलल्या. "बार्तोलला लिही. मी ठोकलाय, त्याने उपटायचाय. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने. तोवर मी मरणार नाही."

आज हिशोब लिहीत नाही.

उद्या सकाळी सूर्य चर्चच्या कळसावर आला की तिला उचलतील. तेव्हा वर रानात असाल तिथेच गुडघे टेका. मी इथे टेकेन. आपण दोघे तिच्याजवळ असू.

तुळईतला खिळा आणि मी, दोघंही तुमची वाट पाहत आहोत.

यान्या